हवेकडची पाहुणी

नऊ मार्च. कार्यालयातल्या कूलरचं गवत बदलायचा दिवस. हे काम उन्हाळा डोक्यावर येण्याआधीच करावं लागतं, नंतर गवतही मिळत नाही आणि माणूसही. कामाला असलेला गफूरभाई स्क्रू काढतो, मी जुनं गवत उपसते. त्यातून धूळ निघते, मुंग्या निघतात, गेल्या हंगामातल्या अक्षता निघतात. आमचं मंगल कार्यालय नांदेडात लातूर रस्त्याला आहे आणि त्याचा सगळा कारभार माझ्याकडे आहे, त्यामुळे मेलेली पालही मलाच काढावी लागते.

या कामाच्या वेळी मुगटकरबाई दारात खुर्ची टाकून बसायच्या. मदत म्हणून काडीसुद्धा उचलायच्या नाहीत. बसून फक्त चुका काढायच्या. गेल्या वर्षापासून दारात खुर्ची नाही. बाई आधी लातूरला राहायला गेल्या, आणि या डिसेंबरात तिथेच वारल्या.

इंदुमती मुगटकर. लातूरच्या एका हायस्कुलात त्यांनी नोकरीभर भूगोल शिकवला. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर नांदेडला धाकट्या भावाकडे राहायला आल्या. भावाचं घर आमच्या मागच्या भिंतीला लागून. भाऊ म्हणजे बाळासाहेब. अर्धापूरला केळीची बाग, बोलणं कमी, मान मोठा. गाव त्यांना बाळासाहेब म्हणे, बाई बाळू म्हणायच्या, आणि ते बाईंना अक्का.

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच हॉलमध्ये, दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नात. मे महिना, दुपार, अक्षता व्हायच्या होत्या. पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात लाकडी पट्टी आणि पट्टीवर शेजारी शेजारी बांधलेले दोन थर्मामीटर. त्यातल्या एकाच्या बुडाला ओली चिंधी गुंडाळलेली. सरळ हॉलच्या मधोमध जाऊन त्या पट्टी हातात धरून उभ्या राहिल्या. वरपक्षातला एक फेटेवाला पुढे झाला.

"ताई, तुम्ही नवरीकडच्या का नवरदेवाकडच्या?"

"मी हवेकडची," बाई म्हणाल्या आणि पट्टीकडेच बघत राहिल्या.

त्याने त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं. बाई जेवल्या, जिलबी दोनदा मागून घेतली, आणि जाताना मला म्हणाल्या, "तुमचे कूलर माणसांना शिजवून राहिलेत."

मी चिडले. कूलर नवे होते.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या आणि न विचारता शिकवणी सुरू केली. घाम वाळतो तेव्हा अंग थंड होतं, ओली चिंधी वाळते तेव्हा थर्मामीटर थंड होतो आणि गवतातलं पाणी वाळतं तेव्हा कूलरची हवा थंड होते. तिन्ही एकच गोष्ट. हवा कोरडी असेल तर तिन्ही चालतात. हवेत आधीच वाफ भरलेली असेल तर तिन्ही बंद पडतात. कोरडा थर्मामीटर आणि ओला थर्मामीटर यांच्यात जेवढं अंतर, तेवढीच आपल्या अंगाला सवलत. "आणि तुम्ही काय करता? खिडक्या लावून घेता, आत हजार माणसं कोंबता आणि वर कूलरने पाणी उडवता. ती वाफ जाणार कुठं?"

गफूरभाई तिथेच उभा होता. "बाई, खिडकी खोले तो लू आती ना अंदर."

"आने दो," बाई म्हणाल्या. "आएगी तो जाएगी भी."

आमच्याकडे हे सगळेच करतात. गरम वारा नको म्हणून दारं-खिडक्या ओढून घ्यायच्या आणि मग कूलर लावायचा. थंडावा आत राहील असं वाटतं. मी त्या दिवसापासून वरच्या खिडक्या उघड्या ठेवायला लागले. दर लग्नात कुणीतरी उठून त्या बंद करतं, ती गोष्ट वेगळी.

शिकवण्याची बाईंची पद्धत अशी की समोर जे असेल त्यावरून सांगायचं. एकदा मी विचारलं, सूर्य तोच, पृथ्वी तीच, मग तापतंय कशामुळे? आम्ही हॉलच्या दाराशी उभ्या होतो. वरात आत शिरत होती. बाईंनी बाहेर जायच्या दाराची एक फळी लोटली. "येणारे तेवढेच येऊन राहिलेत ना? आता जाणारे बघ. अडून राहिलेत. गेले नाहीत असं नाही, हळू जाऊन राहिलेत. थोड्या वेळाने आत काय होईल?"

"गर्दी."

"उष्णतेचं तेच. कोळसा, डिझेल जाळून जाळून आपण धुराने ती फळी लोटली. सूर्याला कशाला बोल लावायचा?"

मग त्यांनी फळी उघडली, कारण नवरदेवाची आजी अडकली होती.

दुसऱ्या बाजूनेही त्या तेवढ्याच कडक होत्या. एखाद्या दिवशी फार तापलं आणि मी म्हणाले, बघा तुमचं हवामान बदललं, की त्या डोळे वटारायच्या. "सुनंदा, एका पंगतीला मीठ जास्त झालं म्हणून आचाऱ्याला काढतेस का? दर पंगतीला व्हायला लागलं, वर्षानुवर्षं, गावोगावी, तर म्हणायचं काहीतरी बदललं. अंदाज नको. बघून सांग." हे 'बघून सांग' त्या दिवसातून इतक्या वेळा म्हणत की त्यांची धाकटी भाची मागून त्यांच्यासारखी मान करून ते म्हणून दाखवायची.

कुठल्याशा शाळेने त्यांना पर्यावरण दिनाला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. मुलं मैदानात उन्हात बसवलेली, पाहुणे मांडवात. बाईंनी माइक घेतला, मुलांना वर्गात जायला सांगितलं, मुलं आनंदाने पळाली. मग समोर कुणी उरलं नाही म्हणून भाषणही झालं नाही. नारळ मात्र त्यांनी घरी आणला. खोबरं मलाही पाठवलं.

त्या प्रेमळ वगैरे नव्हत्या. कुठे काय बोलावं याचं भान त्यांना कमी होतं. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात एक म्हातारे वारले, तर बाई सांत्वनाला जाऊन मुलाला विचारतात, "पत्र्याच्या खोलीत झोपत होते का? रात्री पंखा होता? पाणी कधी प्यायले होते?" मुलगा रडायचा थांबून बघतच राहिला. मी बाहेर आल्यावर त्यांना सांगितलं, मयताच्या घरी असं विचारू नये.

"मग कुठं विचारू? कागदावर सगळी म्हातारी माणसं हार्टनं मरतात. उन्हानं कुणी मेलं असं कुणी लिहीत नाही, कारण कुणी विचारत नाही."

"लोक तुम्हाला बोलावणं बंद करतील."

"लग्नाला मला कोण बोलावतं? तरी जेवते ना?"

मग बाळासाहेबांच्या थोरल्या मुलीचं, शिल्पाचं, लग्न ठरलं. मुलगा किल्लारीचा, साखर कारखान्यात नोकरीला. बोलणी करायला सगळे किल्लारीला गेले, बाईही गेल्या. परत आल्यावर मी विचारलं, मुलगा कसा आहे? बाई म्हणाल्या, मुलगा चांगला आहे, घर तापतं. मग सांगत बसल्या. भूकंपाआधी तिकडे दगडमातीच्या भिंती होत्या, हातभर जाड, वर मातीचं धाबं. भूकंपात त्याच भिंतींनी माणसं मारली. लोकांनी घाबरून पुन्हा तसं बांधलं नाही, आणि बरोबर केलं. पण आता सिमेंटच्या पातळ भिंती, वर स्लॅब नाहीतर पत्रा. "एका संकटाला घाबरून माणसं दुसऱ्याच्या तोंडात जाऊन बसलीत. आणि हे दुसरं हादरा देत नाही. त्यामुळे कुणाला कळतच नाही की पडझड चालू आहे."

लग्न मे महिन्याच्या शेवटी, दुपारी, आमच्याच हॉलला. बाईंनी त्यावर उचल खाल्ली. त्यांची काळजी शिल्पाची नव्हती, बाळूची होती. आमच्याकडे कन्यादान करणाऱ्याने उपास धरायचा असतो. बरीच माणसं पाणी तरी घेतात. मुगटकरांकडे पाणीसुद्धा घेत नाहीत, आदल्या रात्रीपासून. बाळासाहेब रक्तदाबाच्या गोळ्या खायचे, त्या गोळ्यांनी लघवीला होतं, म्हणजे अंगातलं पाणी आणखी कमी. बाईंनी हे सगळं भावाला माझ्यासमोर, आमच्या ऑफिसात बसून सांगितलं.

"सकाळचा मुहूर्त धर, बाळू. नाहीतर गोरज. मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, दोन्ही निघतात."

"गुरुजींचं काय हाय, अक्का. पाहुण्यांना कोण सांगणार? त्यांची माणसं किल्लारीहून येणार. सकाळचं म्हटलं तर रात्रीच निघावं लागतं. गोरज म्हटलं तर परतायला रात्र. त्यांनी दुपार म्हटलं, दुपार."

"मी सांगते त्यांना."

"तू काही सांगू नको." बाळासाहेबांचा आवाज चढला नाही, पण कडक झाला. "आपण मुलीकडचे हाव. मुलीकडच्यानं वेळ बदलून मागायची नसती. उद्या तिला ऐकावं लागतं."

"मग पाणी तरी पी."

"बापानं पाणी न्हाई प्यालं, आज्यानं न्हाई प्यालं. मीच पिऊ का?"

"त्यांची लग्नं मांडवात झाली, कडुनिंबाखाली. या डब्यात नाही."

डबा म्हणजे माझा हॉल.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वळवाची सर आली. अर्धापूरला वाऱ्याने केळी आडवी झाली, बाळासाहेबांचीही. ते बघायलासुद्धा गेले नाहीत, घरात हळद होती. सकाळी सगळे खूश. ऊन मऊ होतं, ढग होते. जो तो म्हणत होता, नशीब काढलं पोरीनं, काय गारवा केला. बाई पट्टी घेऊन हॉलमध्ये उभ्या होत्या. मी जवळ गेले.

"आज कमी आहे ना?"

त्यांनी पट्टी माझ्यापुढे धरली. कोरड्या थर्मामीटरचा पारा रोजच्यापेक्षा खाली होता. ओल्याचा त्याच्या जवळ येऊन टेकला होता. रोज दोघांच्यात चांगलं बोटभर अंतर असायचं.

"गारवा नाही हा," त्या म्हणाल्या. "आज घाम वाळणार नाही."

वरात उशिरा आली. डीजे लागला, जावई घोड्यावर, मित्र नाचताहेत, कुणी कुणाला थांबवायचं? मुहूर्त टळला तो टळलाच. अक्षता पडल्या तेव्हा हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. वरच्या खिडक्या कुणीतरी बंद केल्या होत्या. बाळासाहेब रेशमी सोवळं नेसून, फेटा बांधून होमाशेजारी पाटावर. गुरुजी काही सांगत होते आणि ते मध्येच म्हणाले, "मोटार बंद केली का?"

गुरुजी थांबले. बाळासाहेब पुन्हा म्हणाले, "पाणी वर चढलं का बघा, मोटार बंद करा."

आजूबाजूचे हसले. कुणीतरी म्हणालं, "लेक चालली म्हणून हलले मालक." बाई गर्दीतून पुढे आल्या. भावाच्या गळ्याला हात लावला, मग पाठीला. मी त्यांना तशा आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. अगदी हळू.

"सुनंदा, जारचं पाणी आण. सगळे जार. गफूरभाई, बडा पंखा व्हरांड्यात. उचला याला."

"ओ ताई, कन्यादान व्हायचंय," मुलाचे मामा म्हणाले. "पाच मिनटं थांबा की, उरकू द्या."

"तुम्ही उरका. माणूस मला द्या."

"सोवळ्यातून उठवता येत नसतं त्यांना—"

बाईंनी पहिला जार तिथेच, पाटावर, फेट्यावरून रिकामा केला. होमाचा अर्धा विस्तव विझला. चौघांनी उचलून व्हरांड्यात नेलं. बाईंनी स्वतः फेटा सोडला, सोवळं फाडलं, आम्ही पाणी ओतत राहिलो, पंखा फुल सोडला. आत कन्यादानाला बाळासाहेबांचा चुलतभाऊ जोडीने बसला. शिल्पाचं रडणं बाहेर ऐकू येत होतं. रिक्षाने दवाखान्यात नेईपर्यंत बाईंनी पाणी ओतायचं थांबवलं नाही.

डॉक्टर म्हणाले, वेळेत पाणी ओतलं म्हणून जीव राहिला. मूत्रपिंडाला मार बसला होता. बरेच दिवस काढले दवाखान्यात. घरी आले ते काठी घेऊन. बाग बटईने दुसऱ्याकडे गेली.

आणि भाऊ बहिणीशी बोलेना.

मला आधी वाटलं, आजारपणाचं असेल. मग एकदा त्यांच्या घरी गेले असताना मी स्वतः ऐकलं. बाई चहा घेऊन आल्या, बाळासाहेबांनी कप हाताने बाजूला सारला. "मेलो असतो तर मेलो असतो," ते माझ्याकडे बघून म्हणाले, बाईंकडे नाही. "पोरीचं कन्यादान माझ्या हातून झालं असतं. सगळ्या गावासमोर उघडा करून धुतलं मला. सोवळं फाडलं. वर चुलत्यानं हात दिला पोरीचा."

एवढी वादावादी करणारी बाई, 'बघून सांग' म्हणणारी, तिथे तिने एक शब्द काढला नाही. कप उचलला आणि आत गेली.

दिवाळीनंतर त्यांनी सामान बांधलं. लातूरला जुन्या शाळेजवळ एक खोली घेतली. मी म्हणाले, म्हातारपणी एकट्या कशाला? तर म्हणाल्या, "त्याला रोज मला बघावं लागतं. बीपी वाढतं त्याचं." एवढंच. पट्टी बरोबर नेली.

गेल्या मे महिन्यात माझ्या भाचीच्या शिकवणीसाठी मी लातूरला गेले, तेव्हा त्यांच्याकडे डोकावले. दुपार होती. गल्ली सगळी पत्र्याची. बाईंच्या पत्र्याला चुना फासलेला होता, आणि पलीकडच्या पाच-सहा घरांच्याही. खोलीचं दार उघडं. आत बाई आणि गल्लीतल्या तीन म्हाताऱ्या, लुगडी गुडघ्यापर्यंत खोचून, पाय पाण्याच्या घमेल्यात सोडून बसल्या होत्या. चिंच फोडत होत्या.

"ये. पाय सोड," बाई म्हणाल्या.

"ह्या बाईनं आमाला म्हशी करून टाकल्या बगा," एक म्हातारी म्हणाली. "रोज बाराला धरून आणतीया."

"आणि मग म्हशी जगतात ना?" बाई म्हणाल्या.

मी पाय सोडले. चिंचोके बाजूला काढता काढता त्यांनी मला सांगितलं, चुन्याने ऊन परत जातं, तुमच्या हॉलच्या स्लॅबला लावून बघ. मग विचारलं, वळीव पडला का, केळी कशी आहे, शिल्पाला दिवस गेलेत ते खरं का. मी उठले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या, ओल्या पायांनी.

"बाळूला गोळ्या वेळेवर देतात का?"

"देतात."

"मी विचारलं म्हणून सांगू नको."

मी रिक्षात बसले. मागे वळून पाहिलं तर त्या दारात नव्हत्या. समोरच्या घराची कडी वाजवत उभ्या होत्या. आत कुणीतरी उठत नव्हतं, आणि त्या वाजवतच होत्या. त्या दिवसानंतर मी त्यांना पाहिलं नाही. डिसेंबरात झोपेतच गेल्या. बाळासाहेब काठी टेकत लातूरला गेले, अग्नी दिला, आले.

त्या नऊ मार्चला दुपारी शेवटच्या कूलरला गवत भरत होते तेव्हा ते आले. बऱ्याच दिवसांनी हॉलची पायरी चढले. व्हरांड्याकडे त्यांनी पाहिलं नाही, सरळ ऑफिसात येऊन बसले. धाकटीचं जमलंय म्हणाले. मुलगा अहमदपूरचा. मे महिना, दुपारचा मुहूर्त.

"दुपारचा कुणी काढला?"

"मुलाकडच्यांनी."

"तुम्ही बसणार कन्यादानाला?"

"दुसरं कोण बसणार? ह्या वेळी मीच बसणार."

"पाणी?"

ते भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागले. डॉक्टरांनी त्यांना काय सांगितलंय ते मला माहीत आहे, आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी म्हणाले, अहमदपूर जवळ आहे, सकाळी लवकर येऊ शकतात ते. बोलून बघा.

"मुलीचा बाप मी. मी कसा बोलू?" ते काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "अक्का गेली असती बोलायला. तिला कुणाची भीडच नव्हती. मी नको म्हटलं असतं तरी ह्या बारीला गेली असती ती."

मी पाणी मागवलं. ते प्यायले. तारीख मी लिहून घेतली, वेळेचं नाव काढलं नाही. गफूरभाईने त्यांना हात धरून पायरी उतरवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अहमदपूरची जीप धरली. मुलाचं घर शोधायला त्रास झाला नाही. मुलाचे वडील ओसरीवर दाढी करत होते, आई आतून चहा घेऊन आली. मी म्हणाले, मी नांदेडच्या कार्यालयाची मालकीण, मुलीकडच्यांनी तारीख धरलीय, पण एक अडचण आहे. मे महिन्यात आमचं कार्यालय दुपारचं कुणालाच मिळत नाही. सकाळी आठच्या आत अक्षता नाहीतर गोरज.

"असं कसं? मुलीकडच्यांनी सांगितलं नाही," मुलाचे वडील म्हणाले.

"त्यांना माहीत नाही. नियम नवा आहे."

"दुसरं कार्यालय बघू मग."

"बघा. त्या तारखेला रिकामं मिळालं तर बघा."

ते गालाला साबण तसाच ठेवून विचार करत राहिले. मुलाची आई म्हणाली, "सकाळचं बरं पडंल की ओ. मागं भावाच्या लग्नात आमची सासू चक्कर येऊन पडली होती, दुपारची." त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, सकाळचं करू.

चहा संपवून मी निघाले. नियम मी अहमदपूरच्या ओसरीवर बोलेपर्यंत नव्हता. एकाला सांगितलं म्हणजे सगळ्यांना सांगायला हवं. मे महिन्यात दुपार धरलेल्या ज्या ज्या पार्ट्या होत्या, त्यांना परतीच्या जीपमधूनच फोन लावायला घेतले. पहिल्याने शिव्या दिल्या. दुसऱ्याला लावला.